फिरता चुंबक आणि घरचा दिवा

लोहचुंबकाविषयीं लहानथोरांच्या मनांत एक गोड गैरसमज असतो. चुंबकाच्या पोटांत वीज सांठविलेली असून तारेच्या वेटोळ्यानें ती बाहेर काढतां येते, असा तो समज होय. वस्तुस्थिति निराळी आहे. उत्तमांतला उत्तम चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ शंभर वर्षें ठेवून दिला, तरी त्या तारेंतून एक दिवासुद्धां लागावयाचा नाहीं. मात्र तोच चुंबक हालूं लागला कीं तार जागी होते. वीज चुंबकाची नव्हे, हालचालीची आहे. आणि हालचाल ज्याच्या बळावर होते त्याची ती देणगी आहे. एवढी साधी गोष्ट मनुष्याच्या ध्यानांत येण्यास बराच काळ जावा लागला. ती ध्यानांत आल्यावर वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्कीनें एकाकी घरांतून दिवा कसा लावला, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदहि आहे.

१८२० सालीं कोपनहेगन येथील प्राध्यापक हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड याला असें आढळून आलें, कीं तारेंतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे जवळच्या होकायंत्राची सुई एका बाजूस वळते. विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होतें, हें यावरून सिद्ध झालें. मग उलट प्रश्न सहजच पुढें आला. चुंबकत्वापासून वीज कां निघूं नये? युरोपांतील अनेक विद्वान या प्रश्नाच्या पाठीस लागले. जो तो मोठा चुंबक आणि लांब तार घेऊन बसे, आणि निराश होऊन उठे.

यांपैकीं एकाची हकीकत चटका लावणारी आहे. १८२५ सालीं जिनीव्हा येथील कोलाडों या तरुण शास्त्रज्ञानें तारेच्या वेटोळ्याला एक नाजूक विद्युन्मापक जोडला. मोठ्या चुंबकाचा परिणाम मापकाच्या सुईवर परस्पर होऊं नये, म्हणून त्यानें लांब तारा लावून तो मापक दुसऱ्या खोलींत नेऊन ठेवला. चुंबक वेटोळ्यांत घालावा, आणि मग चालत जाऊन सुई पाहावी, असा त्याचा क्रम होता. तो जाऊन पाही तों सुई स्तब्ध! वास्तविक चुंबक आंत शिरतांना प्रवाह वाहिला होता, सुईहि हालली होती. परंतु कोलाडों तेथें पोंचेपर्यंत ती पुन्हा स्वस्थ होऊन बसलेली असे. मापकाजवळ एखादा मदतनीस बसविला असता, तर या शोधाचा मान त्यालाच मिळाला असता. प्रयोगांतील सावधगिरीच येथें यशाच्या आड आली. चुंबक *असला* म्हणजे वीज *असावी*, असें गृहीत धरल्यामुळें सर्वजण स्थिर परिणाम शोधीत होते. आणि परिणाम तर क्षणिक होता.

ही कोंडी फोडणारा मायकेल फॅरॅडे हा एका लोहाराचा मुलगा. वाचन, लेखन आणि थोडा हिशेब यांपलीकडे त्याचें शालेय शिक्षण झालेलें नव्हतें. चौदाव्या वर्षीं तो एका पुस्तक बांधणाराकडे उमेदवार म्हणून राहिला, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचतां वाचतां त्याला शास्त्राची गोडी लागली. १८१३ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हम्फ्री डेव्ही याच्या हाताखालीं त्याला मदतनिसाची जागा मिळाली. चुंबकत्वाचें विजेंत रूपांतर करावयाचें, अशी नोंद त्यानें १८२२ सालींच आपल्या टिपणवहींत केली होती. तो संकल्प सिद्धीस जाण्यास नऊ वर्षें लागलीं.

२९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोखंडाच्या एका कड्यावर समोरासमोर दोन वेटोळीं गुंडाळलीं. एका वेटोळ्यांत घटमालेंतून प्रवाह सोडला, त्याबरोबर दुसऱ्या वेटोळ्याशीं जोडलेली सुई हालली आणि थांबली. प्रवाह चालू असेपर्यंत ती थांबलेलीच राहिली. प्रवाह तोडतांच ती पुन्हा हालली, पण उलट दिशेनें. फॅरॅडेच्या नजरेंतून ही हालचाल निसटली नाहीं. १७ ऑक्टोबर रोजीं त्यानें कागदाच्या पोकळ नळकांड्यावर तार गुंडाळली आणि साडेआठ इंच लांबीचा, पाऊण इंच जाडीचा चुंबक झटकन् आंत लोटला. सुई हालली. चुंबक आंत पडून राहिला तेव्हां सुई निश्चल. बाहेर ओढला तेव्हां पुन्हा हालचाल. पुढें २८ ऑक्टोबर रोजीं एका प्रचंड चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें त्यानें तांब्याची तबकडी फिरवून अखंड प्रवाह मिळविला. जगांतील पहिला डायनॅमो तो हाच. अमेरिकेंत जोसेफ हेन्री हाहि त्याच सुमारास स्वतंत्रपणें याच सत्यापर्यंत पोंचला होता. परंतु प्रसिद्धीचा अग्रमान फॅरॅडेकडे गेला.

या शोधाचें मर्म थोडक्यांत असें आहे. चुंबकाभोंवतीं त्याच्या बळाचें एक क्षेत्र असतें. कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालीं चुंबक धरला, कीं त्या क्षेत्राच्या रेषा डोळ्यांना दिसतात. तारेच्या वेटोळ्यांतून अशा किती रेषा जातात याला महत्त्व नाहीं. त्यांची संख्या किती झपाट्यानें बदलते याला महत्त्व आहे. बदल होत असेल तोंवरच तारेच्या दोन टोकांमध्यें विद्युद्दाब उत्पन्न होतो. हा दाब वाढविण्याचे मार्ग तीन : चुंबक अधिक जोरकस घ्यावा, तारेचे वेढे वाढवावे, किंवा हालचाल जलद करावी. उत्तरध्रुवामागून दक्षिणध्रुव समोरून गेला, तर दाबाची दिशाहि उलटते. म्हणून फिरत्या चुंबकापासून मिळणारी वीज स्वभावतः उलटसुलट वाहणारी असते.

येथें दाब आणि प्रवाह यांतील भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. माडीवरील टांकींत पाणी भरलें, म्हणजे नळ बंद असला तरी नळांत दाब असतोच. तोटी सोडल्यावर धार लागते. त्याचप्रमाणें वेटोळ्याचीं टोकें मोकळीं असलीं तरी दाब उत्पन्न होतो, आणि दिवा जोडला म्हणजे प्रवाह वाहूं लागतो. परंतु प्रवाह वाहूं लागला कीं निसर्ग आपलें देणें वसूल करतो. १८३४ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील लेंझ यानें दाखवून दिलें, कीं असा प्रवाह ज्या हालचालीमुळें उत्पन्न होतो त्याच हालचालीला विरोध करतो. दिवा लागलेला नसतां हातानें सहज फिरणारें यंत्र, दिवा जोडतांच जड होतें. चुंबकापासून फुकट वीज मिळवून देण्याचीं आश्वासनें आजवर अनेकांनीं दिलीं. त्या सर्वांना लेंझचा हा नियम पुरून उरला आहे. चुंबक हा केवळ मध्यस्थ होय. भांडवल कोणीतरी दुसऱ्यानेंच घालावें लागतें, मग तो मनुष्याचा हात असो, वाफ असो, पाणी असो किंवा वारा असो.

शोध लागल्यावर यंत्र होण्यास वेळ लागला नाहीं. १८३२ सालीं पॅरिसमधील उपकरणें बनविणारा इपोलित पिक्सी यानें हातानें फिरवावयाचा नालेच्या आकाराचा चुंबक वेटोळ्यांखालीं बसविला, आणि अँपिअरच्या सूचनेवरून उलटसुलट प्रवाह एकाच दिशेस वळविणारी योजनाहि केली. तथापि पोलादी चुंबक दुबळे असत. १८६६-६७ च्या सुमारास वेर्नर झीमेन्स प्रभृतींनीं, यंत्रानें उत्पन्न केलेल्या प्रवाहानेंच त्यांतील विद्युच्चुंबक बळकट करण्याची युक्ति काढली, आणि डायनॅमो खऱ्या अर्थानें कामाचा झाला. शहरांतून विजेचे दिवे झळकूं लागले. परंतु जेथें कोळसा पोंचत नाहीं आणि वाफेचें यंत्र परवडत नाहीं, त्या घरांनीं काय करावें? हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर प्रथम स्कॉटलंडमधून आलें. ग्लासगो येथील अँडरसन्स कॉलेजांतील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यानें जुलै १८८७ मध्यें मॅरीकर्क या आपल्या गांवीं, सुट्टींतील घराच्या बागेंत, कापडी शिडांची एक पवनचक्की उभारली. तिची उंची सुमारें ३३ फूट होती. चक्कीनें डायनॅमो फिरवावा, डायनॅमोनें संचयक घट भरावे, आणि घटांवर घरांतील दिवे लागावे, अशी योजना होती. वाऱ्याच्या विजेवर उजळलेलें जगांतील पहिलें घर तें हेंच मानलें जातें. वीज गरजेहून अधिक होऊं लागली, तेव्हां ब्लाइथनें गांवचा मुख्य रस्ता उजळून देण्याची तयारी दाखविली. गांवकऱ्यांनीं नकार दिला. हा प्रकाश सैतानाचा आहे, असें त्यांचें म्हणणें पडलें. आज त्या भोळ्या लोकांना हंसणें सोपें आहे; परंतु वाऱ्यानें जळणारा, तेलवात नसलेला दिवा पहिल्यानें पाहणाऱ्या खेडुतास भय वाटावें, यांत नवल तें काय?

त्यानंतर लवकरच, १८८८ सालीं, अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं चार्ल्स ब्रश या धनिक संशोधकानें आपल्या वाड्यामागें ५६ फूट व्यासाचें, १४४ पात्यांचें प्रचंड चक्र उभारलें. तें सुमारें १२ किलोवॅट शक्ति देई, आणि सुमारें वीस वर्षें त्यानें त्या वाड्याची सेवा केली. परंतु इतकें मोठें चक्र सावकाश फिरे. डायनॅमोला हवा तो वेग देण्यासाठीं, चक्राच्या एका फेऱ्यामागें त्याचे पन्नास फेरे व्हावेत, अशी पट्ट्यांची आणि चाकांची रचना करावी लागली होती. ही योजना धनिकाला शोभणारी होती. शेतकऱ्याच्या आवाक्यांतील नव्हती.

गरिबाच्या घराचा विचार केला तो डेन्मार्कांतील एका शिक्षकानें. पौल ला कूर हा अॅस्कोव्ह येथील लोकविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत असे. शहरें विजेनें उजळत राहिलीं आणि खेडीं अंधारांत राहिलीं, तर तरुण माणसें खेडें सोडून जातील, ही त्याची खरी चिंता होती. सपाट डेन्मार्कांत ना कोळशाच्या खाणी, ना धबधबे. वारा मात्र विपुल. १८९१ सालीं सरकारी साहाय्यानें त्यानें विद्यालयाजवळ प्रयोगासाठीं पवनचक्की बांधली. पहिली अडचण अशी, कीं वाऱ्याला शिस्त नाहीं. झुळूक आली कीं दिवा मिणमिणे, सोसाटा आला कीं डोळे दिपवी. वेग बदलला कीं विद्युद्दाब बदलतो, हा फॅरॅडेचा नियमच येथें शत्रु होऊन उभा राहिला. ला कूरनें वजनांच्या साहाय्यानें डायनॅमोचा वेग सारखा ठेवणारें 'क्राटोस्टाट' नांवाचें साधन योजून त्यावर मात केली.

दुसरी अडचण सांठवणीची. संचयक घट महाग होते. म्हणून ला कूरनें विजेच्या योगें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन वायु सांठविला, आणि १८९५ पासून सात वर्षें विद्यालयांतील दिवे त्या वायूवर जाळले. हा उपाय धोक्याचा होता. स्फोट होऊन खिडक्यांच्या कांचा फुटण्याचे प्रसंग आले. परंतु त्यानें धीर सोडला नाहीं. पात्यांच्या आकाराची परीक्षा करण्यासाठीं त्यानें हवेचा झोत सोडणारें बोगद्यासारखें यंत्र बनविलें. पुष्कळ पात्यांच्या सावकाश फिरणाऱ्या चक्रापेक्षां थोड्या पात्यांचें जलद फिरणारें चक्र डायनॅमोला अधिक सोयीचें, हें त्याला दिसून आलें. पाणी उपसण्यास जोर हवा, वीज निर्माण करण्यास वेग हवा, हा भेद त्यानें ओळखला. पुढें १९०४ पासून खेड्यांतील तरुणांसाठीं त्यानें विद्युत्तंत्राचे वर्ग चालविले. १९०८ सालीं तो वारला. परंतु पहिल्या महायुद्धांत परदेशचें इंधन दुर्मीळ झालें, तेव्हां त्याच्या शिकवणीचें मोल देशाला कळून आलें. त्याच्याच वर्गांत शिकलेल्या योहानेस यूल यानें १९५७ सालीं गेडसर येथें २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली. शिक्षकाचें श्राद्ध याहून चांगलें कोणतें असूं शकेल?

तिकडे अमेरिकेंतील विस्तीर्ण माळरानांवर हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा होता. १९३० च्या सुमारास तेथील दहांपैकीं नऊ शेतघरांत विजेची तार पोंचली नव्हती. माँटाना प्रांतांतील मार्सेलस जेकब्स आणि त्याचा भाऊ जो यांनीं आपल्या वडिलांच्या शेतावर प्रथम पाणी उपसणाऱ्या चक्कीचें चक्र आणि जुन्या फोर्ड मोटारीचा मागचा आंस जोडून पाहिला. तें चक्र फार सावकाश फिरे. मार्सेलस विमान चालवावयास शिकला होता. विमानाच्या पंख्यासारखीं पातीं लावावीं असें त्याच्या मनांत आलें. दोन पात्यांचा पंखा वाऱ्याच्या दिशेकडे तोंड फिरवितांना धक्के देई. पातीं उभीं असतां तो सहज वळे, आडवीं झालीं कीं अडे. तीन पातीं लावतांच हा धक्का नाहींसा झाला. भावांनीं सावकाश वेगावरहि पुरेसा दाब देणारा, भरपूर तांबें घातलेला मोठा डायनॅमो बनवून तो थेट पात्यांच्या आंसावर बसविला. दांतेरी चाकें गेलीं, आणि त्यांबरोबर झीजहि गेली. मिनिआपोलिस येथील त्यांच्या कारखान्यांतून ३२ व्होल्टचीं हीं यंत्रें हजारों घरीं गेलीं.

या कथेंत नभोवाणीलाहि स्थान आहे. विजेवांचून राहणारे शेतकरी रेडिओसाठीं घट वापरीत, आणि ते रिते झाले म्हणजे गाडींत घालून शहरांत भरावयास नेत. आयोवा प्रांतांत तयार झालेल्या 'विंचार्जर' नांवाच्या छोट्या सहा व्होल्टच्या पवनचक्कीनें ती यातायात वांचविली. झेनिथ कंपनीनें १९३५ च्या सुमारास शेतघरांसाठीं बनविलेल्या आपल्या रेडिओबरोबर ती सवलतीनें देण्यास आरंभ केला. बाजारभाव, हवामान आणि रात्रीचें गाणें हीं त्या माळरानांवर प्रथम वाऱ्याच्याच बळावर ऐकूं आलीं.

पुढें सरकारनें १९३५ सालीं ग्रामीण वीजयोजनेचें खातें स्थापिलें, तारा गांवोगांव पोंचल्या, आणि घरच्या पवनचक्क्या अडगळींत गेल्या. जेकब्सबंधूंचा कारखानाहि १९५० नंतर बंद पडला. तारेची वीज स्वस्त होती, बेभरंवशाच्या वाऱ्यावर अवलंबून नव्हती. तिचें स्वागत झालें तें योग्यच होतें. मात्र आपल्या घरचा दिवा कोठून येतो हें जाणणारा शेतकरी त्याबरोबर नाहींसा झाला. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले, तेव्हां लोकांनीं तींच जुनीं यंत्रें गंजलेल्या मनोऱ्यांवरून उतरवून दुरुस्त केलीं.

घरीं यंत्र बनविणाऱ्यांना खरें साहाय्य झालें तें चुंबकाच्या सुधारणेनें. १९३१ सालीं जपानांतील मिशिमा यानें लोखंड, निकेल आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा जोरकस चुंबक केला. आणि १९८३-८४ च्या सुमारास जपान व अमेरिका येथें स्वतंत्रपणें निओडिमियमचा चुंबक सिद्ध झाला. तळहाताएवढा हा चुंबक पूर्वींच्या भल्या मोठ्या पोलादी नालेला हार जाईल असा नाहीं. घरगुती रचनेंत दोन पोलादी तबकड्यांवर असे बारा बारा चुंबक एकाआड एक उत्तर-दक्षिण बसवितात, आणि त्यांच्या मधल्या फटींत राळेंत ओतलेलीं नऊ वेटोळीं स्थिर ठेवतात. चुंबक फिरतात, तार स्वस्थ असते.

यांतील हिशेब शाळकरी मुलासहि करतां येईल. समजा, एका वेटोळ्याला १०० वेढे आहेत, आणि एका ध्रुवाचें जें क्षेत्र त्यांतून जातें तें ०.०००८ वेबर आहे. तबकडी मिनिटास २५० फेरे घेते. बारा ध्रुव म्हणजे सहा जोड्या. तेव्हां सेकंदास २५ आवर्तनें होतात. एका आवर्तनांत क्षेत्र शून्यापासून पूर्ण होतें, पुन्हा शून्य होतें, उलट दिशेस पूर्ण होतें आणि पुन्हा शून्यावर येतें. म्हणजे चार वेळां ०.०००८ वेबरचा बदल होतो. सेकंदाचा बदल ०.०८ वेबर झाला. त्याला १०० वेढ्यांनीं गुणलें, कीं सरासरी ८ व्होल्ट येतात. तीन वेटोळीं एकापुढें एक जोडलीं तर २४. वेग निम्मा झाला तर दाबहि निम्मा. घटांच्या दाबाहून हा दाब कमी असेपर्यंत घट भरत नाहींत. म्हणून मंद वाऱ्यांत पातीं फिरत असूनहि भरणा होत नाहीं, आणि नवशिका गोंधळतो. उलट, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्यांतील शक्ति आठपट होते. अशा वेळीं तार तुटून भार नाहींसा झाला, तर लेंझचा विरोधहि नाहींसा होतो, आणि पातीं बेफाम फिरून मोडून पडतात. म्हणून शहाणा कारागीर वादळांत चक्रानें आपोआप तोंड फिरवावें अशी शेपटी प्रथम बनवितो, आणि दिव्याचा विचार मागून करतो.

आज सातारा जिल्ह्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर ज्या प्रचंड पवनचक्क्या फिरतात, त्यांचें बळ ला कूरच्या चक्कीहून कितीतरी पट अधिक आहे. परंतु त्यांच्या पोटांत चालणारें कार्य फॅरॅडेच्या कागदी नळकांड्यांतील कार्याहून निराळें नाहीं. कोलाडों दुसऱ्या खोलींत जाऊन स्थिर सुई पाहत राहिला. फॅरॅडेनें सुई हालतांना पाहिली. ब्लाइथचा दिवा गांवानें नाकारला. ला कूरनें आधीं गांवाला शिकविलें आणि मग दिवा दिला. निसर्ग स्वस्थ बसलेल्या चुंबकाला कांहीं देत नाहीं, आणि त्याच न्यायानें स्वस्थ बसलेल्या ज्ञानालाहि देत नाहीं. तें फिरतें राहिलें, तरच दूरच्या घरांत दिवा लागतो.